दात निखळला, गाल सुजला, दाढ ठणकली : कुठे धाव घ्यायची आणि कुठे सकाळची वाट पाहायची

दातांच्या बाबतीत दुखणं आणि घाई यांचा मेळ बसतोच असं नाही. रात्री दोन वाजता दाढ ठणकायला लागली की माणूस भिंतीवर डोकं आपटायच्या बेतात येतो, पण ती दाढ सकाळी दहा वाजता दाखवली तरी सहसा काही बिघडत नाही. शाळेच्या मैदानावर पडून निखळलेला पटाशीचा दात मात्र फारसा दुखत नाही, रक्तही दहा मिनिटांत थांबतं, आणि नेमकं तिथेच पहिल्या तासाभरात त्या दाताचं भवितव्य ठरून जातं. जबड्याखालची सूज याहून फसवी. ती पसरायला लागली की आधीचा ठणका कधीकधी कमी होतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला श्वास घेता येत नाही.

म्हणून घाई किती हे दुखण्यावरून ठरवू नका. सूज कुठे आहे, श्वास आणि गिळणं ठीक आहे का, दात जागेवर आहे का आणि किती वेळ गेला, या चार गोष्टी बघा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आधी ही लक्षणं तपासा : यात दवाखाना नाही, थेट मोठं रुग्णालय

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी दंतवैद्याची वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा.

- श्वास घ्यायला त्रास होतोय, आडवं झाल्यावर घुसमटतंय
- थुंकी गिळता येत नाही, लाळ गळतेय
- तोंडात गरम बटाटा ठेवल्यासारखा आवाज जड, घोगरा झालाय
- जिभेखालचा भाग कडक होऊन वर आलाय, जीभ टाळूकडे ढकलली जातेय
- जबड्याखालची सूज मानेकडे उतरतेय किंवा दोन्ही बाजूंना पसरलीय
- गालाची सूज वर चढून डोळा मिटायला लागलाय, दिसायला अंधुक होतंय
- सुजेसोबत थंडी वाजून ताप, ग्लानी, बडबड
- मार लागल्यानंतर बेशुद्धी, वारंवार उलटी, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव
- दाबूनही न थांबणारा रक्तस्राव

यातल्या पहिल्या पाच लक्षणांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जीव जातो तो इथे. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जबड्यात बरीच खोल उतरलेली असतात. जिभेच्या तळाशी स्नायूचा एक पडदा असतो आणि या दाढांच्या मुळांची टोकं बहुतेकांत त्या पडद्याच्याही खाली असतात. तिथे झालेला पू हाड फोडून बाहेर आला की तो हिरडीवर फोडासारखा न दिसता थेट जबड्याखालच्या, मानेच्या जागेत शिरतो. मग दोन्ही बाजू सुजतात, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होत जाते. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला आजही लुडविग्ज अँजायना म्हणतात. अँजायना म्हटलं तरी हृदयाशी त्याचा संबंध नाही. काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते. अशा रुग्णाला झोपवू नका. बसवून, किंचित पुढे झुकवून न्या. तोंडाने काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. रुग्णालय निवडताना अतिदक्षता विभाग आणि चोवीस तास भूलतज्ज्ञ असलेलं निवडा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी परतण्याची ही वेळ नव्हे.

तोंड दोन बोटांइतकंही उघडत नसेल तर तोही सूज खोलवर गेल्याचा इशारा समजा. अक्कलदाढेभोवतीच्या हिरडीच्या सुजेत तोंड थोडं आखडतंच, पण त्यासोबत ताप आणि गिळताना त्रास असेल तर त्याच दिवशी, त्याच वेळी दाखवा.

आणखी एक इशारा, विशेषतः पन्नाशीपुढच्यांसाठी. खालच्या जबड्यात, बहुधा डाव्या बाजूला, जिना चढताना किंवा चालताना दुखायला लागलं, थांबलं की कमी झालं, जोडीला घाम, छातीवर दडपण, हात भरून येणं असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. दाढेत कीड आहे हे आधीपासून ठाऊक असलं की माणूस सगळं खापर तिच्यावर फोडतो. पण किडलेली दाढ चालल्याने दुखत नाही आणि थांबल्याने थांबत नाही. इथेही १०८.

पक्का दात मुळासकट निखळला तर : पहिला तास

घरी, शाळेत, मैदानावर प्रत्येकाला यावीच अशी एकमेव दंत-प्रथमोपचाराची गोष्ट म्हणजे ही. सात ते दहा वर्षांच्या मुलांत, सायकलवरून पडून, क्रिकेटचा चेंडू किंवा झोपाळ्याची फळी लागून वरचा पटाशीचा दात अख्खा बाहेर येतो. दहीहंडीच्या थरांवरून पडलेल्या गोविंदांतही हे होतं. बहुतेक वेळा तो दात टिश्यू पेपरात किंवा रुमालात गुंडाळून, खिशात घालून दवाखान्यात आणला जातो, आणि तोवर तो वाळलेला असतो.

दात परत का रुजू शकतो हे कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज उरत नाही. मुळाच्या पृष्ठभागावर जिवंत पेशींचा अतिशय पातळ थर असतो. दात हाडाशी बांधून ठेवणारे तंतू याच पेशी बनवतात. त्या कोरड्या पडल्या की मरतात. पंधरा मिनिटांच्या आत दात जागी गेला तर त्या टिकण्याची शक्यता उत्तम, आणि साठ मिनिटं कोरडा राहिला तर जवळजवळ सगळ्या संपतात. आपलं सगळं काम म्हणजे त्या पेशी ओल्या ठेवणं आणि त्यांना खरवडू न देणं.

१. मूल शुद्धीवर आहे ना, डोक्याला मार नाही ना, हे आधी बघा. मग दात शोधा. माती, गवत, कपड्याच्या घड्या, तोंडाच्या आतही बघा.

२. दात पांढऱ्या चकचकीत भागाने धरा. पिवळसर, निमुळत्या मुळाला बोट लावू नका.

३. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने विसळा. काहीच नसेल तर नळाच्या हलक्या धारेखाली जेमतेम काही सेकंद. घासायचं नाही, साबण नाही, डेटॉल नाही, रुमालाने पुसायचं नाही. मुळाला चिकटलेला मांसाचा लहानसा धागा दिसला तर तो तसाच राहू द्या.

४. धीर असेल तर दात तिथल्या तिथे परत बसवा. फुगीर, गुळगुळीत बाजू ओठाकडे, किंचित खोलगट बाजू जिभेकडे. शेजारच्या दाताकडे बघितलं की दिशा चुकत नाही. खोबणीच्या तोंडाशी मूळ टेकवून अंगठ्याने हळू, एकसारखा दाब द्या. रक्ताच्या गुठळीमुळे सुरुवातीला थोडा विरोध जाणवतो, मग दात सरकत जागी जातो. शेजारच्या दाताच्या रांगेत आला की थांबा. अडला तर जोर करू नका.

५. घडी केलेला स्वच्छ रुमाल दातांमध्ये हलका चावून धरायला सांगा आणि निघा.

मुलाच्या तोंडात असा हात घालणं बऱ्याच पालकांना जमत नाही, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. मग दात थंड दुधात बुडवा. पिशवीतलं साधं, साखर न घातलेलं दूध चालतं. गरम दूध नको, चहा तर नकोच. शाळेसमोरच्या किराणा दुकानात दुधाची पिशवी मिळते आणि डबा मुलाच्या दप्तरात असतोच. दूध नसेल तर ओआरएसचं पाणी, तेही नसेल तर स्वयंपाकघरातल्या पातळ क्लिंग फिल्ममध्ये दात घट्ट गुंडाळा, म्हणजे ओल टिकते. यातलं काहीच नसेल तर मुलाला छोट्या कपात थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. समजूतदार मोठा माणूस गालाच्या आत दात धरून येऊ शकतो, पण लहान मूल तो गिळून टाकेल. साधं पाणी मात्र शेवटचा पर्याय माना. पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात, म्हणून विसळायला क्षणभर चालतं, ठेवायला नाही.

दंतवैद्य एक्स-रे काढतात, दात नीट बसवतात आणि शेजारच्या दातांना पातळ लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. धनुर्वाताच्या लसीची विचारणा होते, तेव्हा शेवटची लस कधी झाली ते आठवून ठेवा. मुळाची वाढ पूर्ण झालेला दात असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल करावंच लागतं. दात दुखत नाही म्हणून हे पुढे ढकलणारे पालक खूप असतात, आणि मग आतली मेलेली नस कुजून मूळ विरघळायला लागतं. लहान मुलाच्या मुळाचं टोक अजून उघडं असेल तर नस पुन्हा जिवंत होण्याची संधी असते. तिथे डॉक्टर वाट पाहतात, पण ठरलेल्या तारखांना दाखवावं लागतं.

तास उलटून गेला, दात वाळला, तरी तो घेऊनच जा. असा दात पुढे हाडाला चिकटतो आणि त्याचं मूळ हळूहळू झिजत जातं, पण वाढत्या वयात तो काही वर्षं जागा आणि हाड दोन्ही राखतो. ती वर्षं मुलासाठी मोलाची असतात.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नका. वर तयार होत असलेल्या पक्क्या दाताला त्याने इजा होते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात, मग ओळखायचं कसं? नुकताच आलेला पक्का दात मोठा, किंचित पिवळसर असतो आणि त्याची कड करवतीसारखी बारीक दातेरी असते. दुधाचा दात लहान आणि पांढराशुभ्र असतो. शंका वाटली तर बसवू नका, दुधात ठेवून न्या.

रुग्ण बेशुद्ध असेल, त्याला फिट येत असेल किंवा दाताचे तुकडे झाले असतील तरी बसवण्याच्या भानगडीत पडू नका.

दात हलला, आत गेला, तुटला

मार लागून दात जागचा सरकला, लांब दिसायला लागला किंवा चावताना आधी टेकायला लागला तर त्याच दिवशी दाखवा. काही तासांत तो जागी आणणं सोपं असतं, नंतर रक्त गोठून घट्ट होतं. तान्ह्या-लहान मुलाचा दुधाचा दात हिरडीत आत शिरून दिसेनासा झाला तर आई-बाप घाबरतात. असे बरेच दात काही महिन्यांत आपोआप खाली येतात. तरीही एक-दोन दिवसांत तपासून घ्या, कारण आत शिरलेलं मूळ पक्क्या दाताच्या दिशेने गेलंय का हे बघावं लागतं. पुढे तो दात करडा पडला आणि हिरडीवर फोड आला तर पुन्हा दाखवा.

दाताचा टवका उडाला तर तुकडा शोधून दुधात किंवा पाण्यात ठेवा. तो तसाच परत चिकटवता येतो आणि रंग अर्थातच तंतोतंत जुळतो. तुटलेल्या जागेच्या मध्यभागी लालसर ठिपका किंवा रक्ताचा थेंब दिसला तर नस उघडी पडली आहे. हे काम उद्यावर शक्यतो ढकलू नका, चोवीस तासांपलीकडे तर नाहीच, कारण लवकर झाकलेली नस वाचवता येते. नुसतीच कड तुटली असेल आणि थंड लागल्यावर थोडं शिवशिवत असेल तर दोन-तीन दिवस चालतात.

तुकडा सापडलाच नाही आणि ओठही फाटलाय, तर तो ओठात घुसलेला असू शकतो. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर वरून टाके पडतात आणि तुकडा आतच राहतो. मूल मार लागल्यापासून खोकत असेल, श्वासात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तुकडा श्वासनलिकेत गेलाय का हे बघायला छातीचा एक्स-रे लागतो.

दातांची नेहमीची चाव बसत नाही, खालचा ओठ बधिर झालाय, जिभेखाली काळंनिळं झालंय, ही जबडा मोडल्याची लक्षणं आहेत. तोंड हलवायला लावू नका आणि रुग्णालय गाठा. जांभई देताना जबडा उघडाच अडकला तर घरात कुणी दाबून बसवायचा प्रयत्न करू नये. खालून हाताचा आधार देऊन न्यावं.

रात्रीचा ठणका

आधी दुखणं कसलं आहे ते ओळखा. थंड पाण्याने कळ येते आणि काही सेकंदांत जाते, तर नस अजून वाचण्याजोगी आहे आणि या आठवड्यात दाखवलं तरी साध्या फिलिंगवर भागू शकतं. थंड किंवा गरम लागल्यावर दुखणं मिनिट न् मिनिट रेंगाळतं, आपोआप सुरू होतं, झोपेतून उठवतं, कान-कपाळापर्यंत जातं, तर नसेला कायमची सूज आलीय. तिथे रूट कॅनाल किंवा दात काढणं एवढेच मार्ग उरतात. गरमाने आग आणि थंड पाण्याने आराम असं होत असेल तर नस अखेरच्या टप्प्यात आहे. बर्फाच्या पाण्याची बाटली हातात घेऊन, दर मिनिटाला एक घोट तोंडात धरत दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णाला बघितलं की तपासण्याआधीच निदान होतं.

आडवं पडल्यावर दाढ जास्त का ठणकते? सुजलेली नस दाताच्या कडक भिंतींत कोंडलेली असते, आणि डोकं खाली गेलं की तिथला रक्ताचा दाब वाढतो. तेव्हा दोन-तीन उशा घेऊन किंवा खुर्चीत बसून झोपा. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळुवार चुळा भरा. दोन दाढांत अडकलेला मटणाचा धागा, आंब्याची शीर किंवा पेरूची बी कधीकधी सगळा गोंधळ घालत असते. ती फ्लॉसने काढा. टाचणी, काडेपेटीची काडी, कानकोरणं यांनी उकरू नका. गालावर बाहेरून थंड शेक द्या, दहा-पंधरा मिनिटं, मग विश्रांती. तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक आपल्याकडे हमखास दिला जातो. आत पू होत असेल तर त्याने सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि वाढते. तो टाळा.

औषधांचं म्हणाल तर, इतर काही आजार नसलेल्या प्रौढाला जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दातदुखीवर उत्तम चालते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर सहा ते आठ तासांनी, आणि दिवसात आयबुप्रोफेन तीनदाच. एक गोष्ट मात्र नीट बघा. कॉम्बिफ्लामसारख्या गोळीत ही दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात. ती घेऊन वर तापाची गोळी, वर सर्दीची गोळी असं केलं की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट-तिप्पट होतं आणि यकृताला महागात पडतं. सगळं मिळून दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहा. दारूची सवय किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढंही नको.

पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हार्ट फेल्युअर, वेदनाशामकाने उठणारा दमा असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर आयबुप्रोफेन घेऊ नका. पॅरासिटामॉलवर रात्र काढा. पावसाळ्यात अंगात ताप आणि डोळ्यांमागे दुखणं असेल तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या तिन्हींना हात लावू नका. मुलांना वजनानुसारच डोस, तोही शक्यतो पॅरासिटामॉलचा. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायची नाही. घरात पडलेलं निमेसुलाइडचं सिरप तर नाहीच, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

लवंगेचा उपयोग होतो का? होतो. तिच्यातल्या युजेनॉलने नस काही काळ बधिरते, आणि दंतवैद्यही ते औषधात वापरतात. कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचा एक थेंब घ्या, जास्तीचं टिपा आणि फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवा. हिरडीवर, गालावर नितळ तेल चोळलं तर चामडी भाजते. लहान मुलांना हे तेल नको, पोटात गेलं तर विषारी ठरतं.

अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून ठेवल्याने तिथली त्वचा पांढरी होऊन सोलून निघते. दाढ दुखते म्हणून मिश्री किंवा तंबाखू लावणं याहून वाईट. गावोगावच्या कितीतरी बायकांची मिश्री अशाच एका दुखऱ्या दाढेपासून सुरू झाली. दाढ कधीच पडून गेली, मिश्रीची डबी मात्र आयुष्यभर कमरेला राहिली आणि काहींना त्यातून तोंडाचा कॅन्सर झाला. घरात आजी-आत्या दाढेला मिश्री लावताना दिसली तर तिला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या.

आता अँटिबायोटिक. मेडिकलवाल्याला ‘दाढ दुखतेय’ म्हटलं की तो चार अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि चार मेट्रोनिडाझोल कापून देतो. नसेच्या सुजेवर त्यांचा काही उपयोग नाही. दाताच्या आतला रक्तपुरवठाच बंद पडत आलेला असतो, मग रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? सूज पसरत असेल, ताप असेल, गाठी आल्या असतील तेव्हा अँटिबायोटिक लागतं, आणि तेव्हाही ते सोबतीला असतं. मूळ उपचार म्हणजे पू वाहून जायला वाट करून देणं : दात आतून उघडणं, फोडाला छेद देणं किंवा दात काढणं. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटून सूज पुन्हा उलटते, आणि दुसऱ्या वेळी ती अधिक जोरात येते.

दाढ आठवडाभर ठणकून एके दिवशी आपोआप गप्प झाली तर निर्धास्त होऊ नका. नस मेली म्हणून दुखणं थांबलं, जंतू आतच आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी गाल सुजून येतो तो याच दाढेमुळे. वेळ घ्यायची ती आता, दुखत नसताना. तेव्हा काम सोपं होतं आणि बधिरही नीट करता येतं.

दात काढल्यानंतरचं रक्त

पहिल्या दिवशी थुंकी गुलाबी दिसणं हे नेहमीचं आहे. थोडं रक्त लाळेत मिसळलं की खूप वाटतं. तोंडात लालभडक रक्त भरून येत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील तर ही पद्धत वापरा : सरळ बसा, स्वच्छ गॉजची जाड घडी ओली करून थेट खड्ड्यावर ठेवा आणि तीस मिनिटं दाबून चावा. मध्येच काढून बघायचं नाही. इथेच बहुतेक जण चुकतात, दर दोन मिनिटांनी आरशात बघतात आणि जमलेली गुठळी निघून येते. गॉज नसेल तर स्वच्छ सुती कापड, किंवा ओली करून पिळलेली चहाची पिशवी. चहातल्या टॅनिनमुळे रक्त आखडायला मदत होते. त्या दिवशी जोरात थुंकणं, चुळा भरणं, स्ट्रॉने ओढणं, गरम चहा, तंबाखू, बिडी सगळं बंद. दोनदा तीस-तीस मिनिटं दाबूनही थांबत नसेल तर त्याच रात्री दाखवा.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. दात काढल्याचा रक्तस्राव दाबून, टाके घालून थांबवता येतो, पण गोळी बंद केल्याने मेंदूत किंवा हृदयात गुठळी झाली तर ती निस्तरता येत नाही.

दात न काढता, मार न लागता हिरड्यांतून आपोआप रक्त येत असेल, अंगावर निळे-जांभळे डाग असतील, ताप असेल, तर दंतवैद्याआधी रक्ताची तपासणी. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्यावर असं होतं, आणि रक्ताच्या कॅन्सरची पहिली खूणही कधीकधी हिरडीतच दिसते.

दात काढून दोन-तीन दिवस बरं होतं आणि मग अचानक कानापर्यंत जाणारं असह्य दुखणं सुरू झालं, तोंडाला वास आला, खड्डा रिकामा दिसला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलंय. तंबाखू ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. जिवाला धोका नाही, पण सहन करत बसू नका. खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की थोड्याच वेळात उतार पडतो.

यांच्यासाठी घड्याळ पुढे

मधुमेही, किमोथेरपी चालू असलेले, स्टेरॉइड घेणारे, डायलिसिसवर असलेले, यांची दाताची छोटी सूजही त्याच दिवशी दाखवा. साखर वाढलेली असताना जंतू झपाट्याने पसरतात आणि जंतुसंसर्गाने साखर आणखी चढते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने काळ्या बुरशीचे कितीतरी रुग्ण पाहिले. त्यातल्या बऱ्याच जणांत पहिली तक्रार दाताचीच होती : वरचे दोन-चार दात एकदम हलायला लागले, गाल बधिर झाला, टाळूवर काळा चट्टा आला. कोविड ओसरला तरी हा आजार मधुमेह्यांत आजही होतो. अशी लक्षणं दिसली तर कान-नाक-घसा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जा.

गरोदर बाईचं दातदुखणं ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणून लांबवू नये. बधिर करण्याचं इंजेक्शन, गरज पडली तर एक्स-रे, पू काढणं, रूट कॅनाल, हे सगळं गरोदरपणात करता येतं. अंगात मुरणारा जंतुसंसर्ग आई-बाळाला त्याहून घातक असतो.

जे थांबू शकतं

कॅप निघाली तर ती जपून डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत न्या. फेविक्विकने चिकटवू नका, हिरडी जळते आणि कॅप वाकडी बसली की पुढे काढताना दात फुटतो. ब्रेसेसची तार टोचत असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टने दिलेलं मेण किंवा ओल्या कापसाचा गोळा टोकावर दाबा. कवळी मोडली, फिलिंग पडलं, यांना सकाळची वेळ पुरते. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा मात्र दुखत नाही म्हणून विसरू नका. तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायचाच, तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनी तर त्याआधी.

फोनवर काय सांगायचं, रात्री कुठे जायचं

दंतवैद्याला फोन लावून ‘खूप दुखतंय’ एवढंच सांगितलं तर त्यांना काहीच ठरवता येत नाही. वय, काय झालं आणि किती वाजता, सूज कुठवर, ताप किती, तोंड किती उघडतं, गिळता येतं का, चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी, हे एका दमात सांगा. सूज असेल तर उजेडात समोरून आणि बाजूने फोटो काढून पाठवा, आणि सुजेच्या कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवा. दोन तासांनी सूज रेघेबाहेर गेली तर थांबायचं नाही.

दिवसा परवडणारा उपचार हवा असेल तर मुंबईत मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. जिल्हा रुग्णालयातही दंतविभाग असतो. रात्री मात्र पर्याय कमी. सूज, रक्तस्राव, जबड्याचा मार यासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा अपघात विभाग गाठा आणि तोंडाच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना बोलवायची विनंती करा. दात निखळला असेल तर ओळखीच्या दंतवैद्याला रात्रीही उठवा, निखळलेल्या दातासाठी केलेल्या फोनला कुणी नाराज होत नाही.

घरच्या औषधांच्या डब्यात गॉजची पाकिटं, सलाइनची छोटी बाटली, ओआरएसचं पाकीट, पॅरासिटामॉल, फ्लॉस आणि झाकणाची एक लहान डबी ठेवा. डबीवर मार्करने ‘दात, दुधात’ असं लिहा. तीच डबी मुलांच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडेही द्या, सोबत जवळच्या दोन दंतवैद्यांचे नंबर आणि त्यांच्या रविवारच्या वेळा.